माशातलं माणूस

वकिलांनी हातमोजे काढले. कचऱ्याच्या डब्यात न टाकता ते त्यांनी बाईंच्या टेबलावर, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवले.

“हेही तपासून घ्या,” ते म्हणाले. “गुन्हेगाराचे आहेत.”

“मी तुम्हाला गुन्हेगार म्हटलेलं नाही.”

“तुमच्या तोंडावरची पट्टी नेहमी नाकाखाली असते, असं म्हणालात. सगळ्यांदेखत. संचालकांसमोर. उरलं काय मग?”

“ती असतेच नाकाखाली.”

“जेवताना असते. माशाजवळ नसते. पुरावा आहे का काही?”

बाईंनी हातमोजे दोन बोटांनी उचलले आणि डब्यात टाकले. पुरावा नव्हता.

वकील हे प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. काळा कोट त्यांनी आयुष्यात घातला नव्हता. पण ‘खिडकी लावा’ म्हटलं तरी ती उघडी का असावी याची तीन कारणं ते देत, आणि मग उठून लावत. नाव तिथून पडलं. बाई या प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या त्याच्या आधीपासून दोघं एकत्र काम करत होते, एका टेबलावर डबा खात होते. आज सकाळच्या बैठकीत बाईंनी आपल्या हातांनी त्यावर पाणी ओतलं होतं.

भांडण एका माशाच्या शेपटीवरून होतं. मासा तळहाताएवढा, गोड्या पाण्यातला. एकाच नदीच्या एकाच खडकाळ टप्प्यात तो राहायचा. नदीवर धरण झालं, तो टप्पा पाण्याखाली गेला आणि मासा पुन्हा कुणाला दिसला नाही. उरला तो एक, संग्रहालयातल्या बरणीत, मद्यार्कात बुडालेला. ही खरंच वेगळी जात होती, की खालच्या नदीतल्या साध्या माशांपैकीच वाट चुकून वर गेलेला एखादा, एवढं ठरवायचं होतं. त्यासाठी संग्रहालयानं शेपटीचा नखाएवढा तुकडा दिला होता.

वाचायचा होता तो माशाचा सगळा डीएनए नव्हे. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या ज्या बारक्या भट्ट्या असतात, मायटोकॉन्ड्रिया, त्यांचा स्वतःचा एक छोटा डीएनए असतो. साडेसोळा हजार अक्षरांची गोल माळ. ती फक्त आईकडून येते. बापाचं तिच्यात काही नसतं. त्यामुळे एकेका घराण्याचा माग आईकडून आजीकडे, आजीकडून पणजीकडे असा मागे काढता येतो. बाईंच्या आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, “म्हणजे इथेही सगळं बायकांनीच सांभाळायचं.” आईला या माशात विशेष रस होता. संग्रहालयात ती चित्रकार होती, आणि बरणीत जायच्या आधी त्याचं चित्र तिनंच काढलं होतं.

यंत्रानं तुकडा वाचला आणि घात झाला. वाचलेल्या डीएनएपैकी निम्मा माशाचा होता, निम्मा माणसाचा. माशाच्या वाट्याला जे आलं त्यात माळ पुरी झाली नाही, एका जागी ती तुटकीच राहिली. दुसरा तुकडा मागितला तर संग्रहालय म्हणालं, आधी तुमचं माणूस माशात शिरलं कसं ते सांगा, मग बघू. संचालकांना नाव हवं होतं. बाईंनी पट्टीचं बोलून ते दिल्यासारखंच केलं.

“पुरावा हवा ना?” बाई म्हणाल्या. “आपल्या सगळ्यांच्या या माळेचं वाचन संगणकात आहे. अशाच वेळेसाठी ठेवलंय. ताडून बघा.”

“मीच बघू? आरोपीनंच?”

“तुम्हीच बघा.”

दुपारी वकील बाईंच्या खोलीत आले. संगणक त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवला, पडदा त्यांच्याकडे वळवला आणि बाहेर गेले. माशात सापडलेल्या माणसाची अक्षरं वरच्या ओळीत होती. खालच्या ओळीत बाईंची. बाई पडदा सरकवत खाली गेल्या, आणखी खाली गेल्या. एका अक्षराचाही फरक नव्हता.

त्यांनी उगाचच नाकाला हात लावला.

वकिलांनी एखादा टोमणा मारला असता तर सोपं गेलं असतं. ते शेजारच्या खोलीत काचेच्या नळ्या धूत होते, आणि धुतलेल्याच पुन्हा धूत होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना बोलावलं. मान खाली न घालता, पण कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, “काल मी ज्यांच्यावर खापर फोडलं त्यांचा काही दोष नाही. माशात सापडलेलं माणूस मी आहे.” कुणीतरी हसू दाबलं. संचालकांनी चष्मा पुसला आणि “मग दुसऱ्या तुकड्याचं विसरा,” एवढंच म्हणाले. वकील जेवायला जिन्याखालच्या बाकावर बसले, ते पुढचे काही दिवस तिथेच बसत राहिले.

बाई घरी गप्प गप्प असत. आई विचारायची, “ठकू, माझ्या माशाचं काय झालं गं?” आणि ठकू, जिच्या पुढ्यात निम्मी प्रयोगशाळा उभी राहायची, म्हणायची, “चाललंय.”

मग एका सकाळी वकील दारात उभे राहिले.

“एक शंका आहे.”

“बोला.”

“नवं कापड कात्रीनं कापलं तर कडा कशी असते? सरळ. तेच वर्षानुवर्षं वापरलेलं असलं तर सुतं सुटतात, जीर्ण होतं.”

“मुद्द्यावर या, वकील.”

“डीएनएचंही तसंच होतं. जुना झाला की त्याचे बारके तुकडे पडतात आणि तुकड्यांच्या टोकांची अक्षरं बिघडतात. माशाचे तुकडे तसे आहेत, ते असणारच. पण मी माणसाचे तुकडे बघितले.” ते आत आले आणि न सांगता बसले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच. “तेही तसेच आहेत. बारके, टोकं बिघडलेली. बाई, हे माणूस परवाचं नाही. जवळजवळ माशाच्याच वेळचं आहे.”

“पण ते माझंच आहे. अक्षरन्अक्षर.”

“मासा बरणीत गेला तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“शाळेत. प्राथमिक.”

“शाळा सुटल्यावर जाऊन शिंकलात का त्याच्यावर?”

वकिलांनी आवाज खाली आणला.

“मायलेकींची ही माळ सारखीच असते, हे मी तुम्हाला सांगायचं का? अक्षरं बघून दोघींतली कोण ते कळत नाही. टोकांवरून कळतं.”

बाहेर कुणीतरी पाण्याचा नळ सोडला आणि बंद केला. बाईंनी त्या दोन ओळी पुन्हा पडद्यावर आणल्या आणि त्यांवरून बोट फिरवलं. आपल्याच नावाची ओळ आपण चुकीची वाचली होती.

“तुम्ही कशाला बघत बसलात हे?” त्यांनी विचारलं. “तुमच्यावरचा आळ तर गेला होता.”

“आरोपीला वकील द्यावा लागतो,” ते म्हणाले. “नियम आहे.”

त्या दिवशी डबे पुन्हा एका टेबलावर उघडले. संचालकांनी संग्रहालयाला फोन लावला. दोष प्रयोगशाळेचा नाही, माणूस जुनं आहे, माशाला पूर्वी हाताळताना लागलेलं आहे, म्हटल्यावर तिकडचा आवाज नरमला. दुसरा तुकडा मिळणार होता. या वेळी कातडी सोलून, आतल्या मांसाचा.

बाई त्या संध्याकाळी लवकर घरी निघाल्या. रस्ताभर त्या वाक्य जुळवत होत्या. आई, तुझ्या माशात कोण सापडलं असेल ओळख बघू. आई, तू अजून त्या बरणीतच आहेस. आई खळखळून हसेल, असं त्यांना वाटत होतं.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. हात कापायचा म्हणून निम्मे दाणे मांडीवर पडत, ते ती मोठ्या निगुतीनं पुन्हा वेचायची. चित्र काढणं सुटून बरीच वर्षं झाली होती.

“आई, माशाची शेपूट मिटलेली असते ना? मग तू चित्रात ती पसरलेली कशी काढायचीस?”

आईचा चेहरा उजळला. असं कुणी विचारलं की ती एकदम सरळ बसायची. “पसरवायची! ताटलीत मासा आडवा ठेवायचा आणि ओल्या ब्रशनं एकेक काटा अलगद सोडवायचा. चिमटा लावला की फाटलीच म्हणून समज.” तिनं एक लांबट शेंग ब्रशसारखी धरली. “टोक बारीक हवं. म्हणून असं.” शेंगेचं टोक तिनं ओठांत धरलं, फिरवून बाहेर काढलं, आणि हवेत, नसलेल्या शेपटीवर, हलकेच टेकवलं. पुन्हा ओठांत. पुन्हा शेपटीवर. तेवढ्यापुरता हात कापत नव्हता.

“खवले मोजून काढायची मी. एक जास्त नाही, एक कमी नाही. संग्रहालयातले साहेब म्हणायचे, या बाईंच्या हातून मासा जातो तो जसा आला तसाच परत येतो.”

बाई गालात हसल्या. सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडलंच होतं.

आईचा हात मात्र हवेतच थांबला होता. ती शेंगेकडे बघत होती. मग लेकीकडे.

“का विचारतेस?”

“सहज.”

“सहज नाही. तुमच्या त्या तपासात काहीतरी बिघडलंय, आठवडाभर बघतेय मी. जेवण नाही, बोलणं नाही.” तिनं शेंग भांड्यात टाकली. “त्या माशात माझं काही सापडलं का गं?”

बाई भांड्यातल्या शेंगा उगाच चाळवू लागल्या.

“थुंकी माझी?” आईचा आवाज बारीक झाला. “एकच तर उरला होता तो. आणि त्याला मीच...”

दाणे वेचायलाही तिचा हात पुढे होईना. बाईंनी तो हात बघितला. काय सांगायचं ते त्यांना पाठ होतं. बिघडलं काहीच नाही, दुसरा तुकडा मिळतोय, त्यात तुझी चूक नव्हती, तेव्हा सगळे असंच करायचे. शब्द सगळे खरे होते. आईच्या चेहऱ्यावर त्यातला एकही थांबला नसता.

“तुझं कसं सापडेल?” बाई म्हणाल्या. “माझं सापडलंय. म्हणून तोंड लपवत फिरतेय.”

“तुझं?”

“पट्टी सरकली होती. शिंकले मी.”

“माशावर?”

“माशावर.”

आई क्षणभर बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि ती अशी हसली की भांडंच मांडीवरून घसरलं. “अगं बाई! एवढी मोठी झालीस, लोक तुला उठून नमस्कार करतात, आणि माशावर शिंकलीस? लहानपणी घसा कोरडा झाला माझा सांगून सांगून. रुमाल घे, रुमाल घे!”

“हो ना.”

“आणि आळ भलत्यावर नाही ना घातलास?”

“घातला होता,” बाई म्हणाल्या. “माफी मागितली.”

“ते बरं केलंस.” आईनं डोळे पुसले. “मासा वाचला ना पण?”

“वाचला. दुसरा तुकडा देणार आहेत.”

“मग झालं तर.” ती पुन्हा ताठ बसली. जमिनीवर सांडलेले दाणे बाई गोळा करू लागल्या तेवढ्यात मावशीचा फोन आला. धाकट्या बहिणीशी आईचं रोज संध्याकाळी बोलणं व्हायचं.

“ऐक, ऐक,” आई फोनवर सांगत होती, “आमच्या शास्त्रज्ञबाईंनी काय पराक्रम केलाय. जगातला शेवटचा मासा, माझ्या हातचा, किती जपून ठेवलेला...” सांगता सांगता तिला पुन्हा हसू फुटलं. पलीकडून मावशीचं हसू इकडे ऐकू येत होतं. “थांब, तिलाच देते. तिच्याच तोंडून ऐक.”

बाई दाण्यांची मूठ तशीच धरून उठल्या आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला.

“खरं काय गं ठकू?” मावशी विचारत होती. “तुझंच सापडलं म्हणे माशात? नक्की तुझंच?”

बाईंनी आईकडे बघितलं. आई पदर सावरून, मान वाकडी करून, उत्तर ऐकायला बसली होती.

“हो मावशी,” बाई म्हणाल्या. “अक्षरन्अक्षर माझंच.”