तिसऱ्या कडव्यातली खंजिरी

काउंटरच्या काचेवर आठ वस्तू होत्या. तीन छोटे ॲम्प्लिफायर, एक हेडफोन, एक मोबाईल आणि दोन वायरी, या सातांचं त्या दुकानात काम होतं. आठवी मात्र हेडफोन बाहेर काढताना धोंडिरामच्या कापडी पिशवीतून घरंगळत आली होती. होडीच्या आकाराची, दीड वीत लांब, तेलकट लाकडी वस्तू. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, त्यातली एक चेपलेली.

"हे काय मामा?" दुकानदार साईराजने ती उचलून बघितली.

"धोटा हाय. मागावरचा." धोंडिरामने ती त्याच्या हातातून हलकेच काढून घेतली, पण पिशवीत टाकली नाही. काचेवरच, आपल्या बाजूला ठेवली. "ह्यो सुताची कांडी पोटात घिऊन हिकडनं तिकडं पळतो, तवा कापड हुतं. मंगळवारी उडाला."

"कुणाला लागला?"

"न्हाई."

आम्रपालीने वडिलांकडे पाहिलं. काल रात्री ती साताऱ्याहून आली तेव्हा आईने गावातल्या सगळ्या बातम्या सांगितल्या होत्या. त्यात धोटा नव्हता.

धोंडिराम कांबळे माधवनगरच्या एका शेडमध्ये तीस वर्षांपासून जॉबर होता. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग. सगळे एका वेळी खडखडत असताना दारात उभं राहून तो सांगायचा, "एकतिसाचा पट्टा सैल झालाय." आणि झालेला असायचा. अलीकडे त्याची पद्धत बदलली होती. तो मागाजवळ जायचा, लोखंडी सांगाड्यावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "चालू द्या." शेडमध्ये त्याचं केवढं कौतुक! धोंडीमामा आता हातानं ऐकतात, असं सगळे म्हणायचे.

आम्रपालीने दिवाळीला त्याला मोठा हेडफोन आणला होता. ती फिजिक्सची पदवीधर. साताऱ्याच्या एमआयडीसीत पंपांची कंपनं मोजायचं काम करायची. हेडफोन तिने वाचून, तुलना करून, उत्तमातला निवडला होता. आबांकडे मोबाईलवर एकच गाणं होतं, त्यासाठी. त्यांच्या गायन पार्टीचं, सत्तावीस वर्षांपूर्वी चौदा एप्रिलला चौकात कुणीतरी कॅसेटवर भरून घेतलेलं. ज्योतिबा गायला होता, हार्मोनियमवर दादासो, आणि खंजिरीवर स्वतः धोंडिराम. ज्योतिबा आणि दादासो आता नव्हते.

पण हेडफोन आल्यापासून आबांची एकच तक्रार. "गाणं येतंय. पेटी येती. ढोलकी येती. माजी खंजिरीच येत न्हाई बग."

"अहो, हा अडीचशे ओहमचा आहे," साईराज हेडफोन हातात फिरवत म्हणाला. "मोबाईलचा जीव तो केवढा! त्याला हा ढकलवत नाही. मधे ॲम्प लागणारच." त्याने तिन्ही ओळीने मांडले. पहिला काडेपेटीएवढा, मोबाईलच्याच बॅटरीवर चालणारा. दुसरा काळा, बिस्किटाच्या छोट्या पुड्यासारखा. स्वतःची बॅटरी, आठ तास. तिसरा ॲल्युमिनियमचा, चपटा, त्याला आवाजाची गोल खुंटी आणि बाजूला ताकद वाढवायचं बटण.

आम्रपालीने तिन्हींचे आकडे वाचले. अडीचशे ओहमला कोण किती मिलिवॅट देतो, कोणाची घरघर किती. पहिला लगेच बाद झाला. दुसरा पुरेसा होता. तिसरा गरजेच्या तिप्पट.

"ह्यो बरा," धोंडिराम तिसऱ्याच्या खुंटीला बोट लावून म्हणाला. "ह्येला फिरवायला कायतरी हाय. बाकीची दोन म्हंजे नुसती साबणाची वडी."

साईराज हसला. दातांत वायर धरून, काउंटरखाली वाकून दुसरी शोधता शोधता त्याने विचारलं, "मामा, दिवसातनं किती वेळ ऐकता?"

धोंडिराम गप्प. साईराजने अर्धवट डोकं वर काढून पुन्हा विचारलं.

"माधवनगरात," धोंडिराम म्हणाला. "स्टेशनच्या अंगाला."

साईराजला वाटलं, मामा थट्टा करतायत. तो आणखी हसला. आम्रपाली हसली नाही. तिने वडिलांच्या समोर येऊन तेच विचारलं, आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं, "जेवल्यावर. तासभर."

त्यांच्या घरात कुणी कुणाला पाठीमागून हाक मारत नसे. आई जाईबाईचीही हयात त्याच शेडमध्ये कांड्या भरण्यात गेलेली. मागांच्या गदारोळात तोंडाने बोलून उपयोग नसतो. तिथे ओठ वाचतात. तीच सवय घरी आलेली. समोर यायचं, खांद्याला हात लावायचा, मग बोलायचं. आम्रपाली शाळेत गेली तेव्हा बाई फळ्याकडे तोंड करून शिकवतात याचं तिला पहिले काही दिवस नवल वाटलं होतं. घराची ही रीत तिला आजवर कधी टोचली नव्हती. आत्ता, दुकानात, ती टोचली.

साईराजने तिसरा ॲम्प जोडला. धोंडिरामने हेडफोन चढवला, गाणं लावलं आणि खुंटी फिरवली. अर्धी. पाऊण. मग ताकदीचं बटण दाबून शेवटपर्यंत.

"आता?" आम्रपालीने ओठांनी विचारलं.

"आता गाणं झकास. ज्योतिबा पार म्होरं बसल्यावानी. पन खंजिरी न्हाई." त्याने हेडफोन काढून तिच्याकडे दिला. "तूच ऐक. यंत्रातच खोट हाय."

तिने तो कानावर ठेवला आणि लगेच ओढून काढला. कानात कुणी दाभण खुपसल्यासारखं झालं होतं. खुंटी पाव वाट्यावर आणून तिने परत ऐकलं. चौकातला गलका, पेटी, ज्योतिबाकाकांचा खडा सूर, आणि सगळ्यांच्या वर खंजिरीच्या चकत्यांची झणझण. इतकी स्वच्छ, की दाढेत जाणवत होती.

"आहे ना, आबा."

"कशावरनं? तुला वाटत आसंल."

"नाही हो, आहे."

धोंडिरामने जरा विचार केला. मग म्हणाला, "तिसऱ्या कडव्याच्या शेवटाला माजी चूक हाय. दादासो मला पायानं ढोसत हुता, मी हसलो, आन् दोन ठोके जादा पडलं. कुनाला म्हाईत न्हाई. ती येती का बग."

आम्रपालीने डोळे मिटले. दुसरं कडवं संपलं. तिसरं आलं. शेवटच्या ओळीवर पेटी थांबली, ढोलकी थांबली, आणि त्यानंतर खंजिरी दोनदा वाजली. एकटीच. पाठोपाठ कुणीतरी खुदकन हसलं.

तिने डोळे उघडले. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने काचेवर बोटाने दोन ठोके दिले. टक टक. त्याचा तळहात काचेवरच होता.

"व्हय," तो म्हणाला. "तीच."

आवाज कमी आला असता, तर सगळाच कमी यायला हवा होता. हे तिला दिवाळीपासून माहीत होतं. मोबाईलचा जीव लहान असेल, तर पेटीही लहान होईल, ढोलकीही. एकटी खंजिरी कशी जाईल? हा प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नव्हता. ती ॲम्पचे आकडे वाचत बसली होती.

"आबा, एक गंमत करू. परत घाला. मी नुसता सूर लावते. ऐकू आला की बोट वर करायचं."

कामासाठी ठेवलेलं सूर काढायचं ॲप तिच्या मोबाईलवर होतं. तिने तो ॲम्पला जोडला, खुंटी पाव वाट्यावर ठेवली. अडीचशे हर्ट्झ. बोट वर. पाचशे. बोट वर. हजार. बोट जरा थांबून वर. दोन हजारांना तिला खुंटी अर्ध्यापर्यंत न्यावी लागली, तेव्हा बोट हललं. वर गेलं की नाही ते सांगता आलं नसतं.

तिने चार हजार लावलं.

धोंडिराम शांत बसला होता. फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा, पाठ ताठ, उजव्या हाताचं बोट तयार ठेवून. तिने खुंटी पाऊण केली. मग पूर्ण. हेडफोनच्या गाद्यांच्या फटीतून बारीक, धारदार शिट्टी बाहेर येऊ लागली. दाराशी चार्जर बघत उभ्या असलेल्या बाईने मान वळवून पाहिलं. धोंडिराम तसाच बसून होता, सूर कधी लागतोय याची वाट बघत.

"मॅडम, बंद करा," साईराज हळूच म्हणाला. "मला इथपर्यंत ऐकू येतंय."

तो हळू बोलला, पण तोंड धोंडिरामकडे होतं.

धोंडिरामचं तयार ठेवलेलं बोट मिटलं. त्याने हेडफोन काढला आणि दोन्ही हातांनी काचेवर ठेवला, फुटणारी वस्तू ठेवावी तसा.

"वाजत हुतं?"

"हो."

"कवाधरनं?"

"अर्धं मिनिट झालं असेल," आम्रपाली म्हणाली.

त्याने धोटा उचलला. मग चेपलेल्या टोपीवरून अंगठा फिरवत म्हणाला, "सतरा नंबरचा माग. मंगळवारी सकाळी त्येच्यावरचा कपिल म्हनला, मामा, कायतरी कचकचतंय. मी गेलो. हात ठिवला. हाताला काय लागलं न्हाई. म्हनलं, चालू द्या. पंधरा मिन्टात ह्यो उडाला. धोट्याला ठोसा देनाऱ्या काठीचा नट सुटला हुता."

आम्रपाली रोज कंपनंच मोजायची. तळहाताला काय कळतं याचे आकडे तिला पाठ होते. जाड, खालची थरथर तळहात बरोबर ओळखतो. हजाराच्या वरचं त्याला काहीही कळत नाही. सैल नट खालच्या सुरात कचकचत नाही.

"मग आता सतरा बंद आहे?"

"न्हाई. मीच नट आवळला." त्याने आपला तळहात बघितला. "हात ठिवला आन् चालू केला. मनुबाई त्याच्या बगलंलाच बसती, कांड्या भरत. त्या टायमाला पानी प्यायला उठली हुती." आणि पुढचं तो तिला सांगत नव्हता, मोजत होता. "चाळिसाचा गेल्या म्हैन्यात केला. नवाचा. बावीस, तेवीस. आगं, सगळंच की गं माजं."

तो उठला. साईराजने तिसऱ्या ॲम्पचं खोकं पुढे केलं. "मामा, हा बांधू?"

"ठिव," धोंडिराम म्हणाला. "आमू, रिक्षा बग."

रिक्षात तो मध्ये बसला होता आणि सारखा पुढे झुकत होता, जणू त्याने रिक्षा वेगात जाणार होती. आम्रपालीने दोनदा शेडमालक जयराजना फोन लावला. रिंग वाजत राहिली. शेडमध्ये फोनची रिंग ऐकू येत नाही.

शेडचं दार उघडताच गदारोळ अंगावर आला. अठ्ठेचाळीसपैकी एक्केचाळीस माग चालू होते. आम्रपालीने कानांवर हात घेतले. सतराच्या बगलेला, बुटक्या स्टुलावर मनुबाई बसली होती. तिने दोघांना बघितलं आणि तोंडभरून, बिनआवाजी बोलली. ओठ दोघांनाही वाचता आले. "लेक कवा आली रं, धोंडीबा? वाळलीया लय."

धोंडिराम तिच्याकडे गेला नाही. तो सरळ भिंतीकडे गेला आणि मुख्य खटका खाली ओढला.

माग एकदम थांबत नाहीत. आपापल्या वेगाने लंगडत थांबतात. शेवटचा थांबला तेव्हा छतावरच्या पत्र्याची थरथरही ऐकू येऊ लागली, आम्रपालीला.

जयराज कचेरीतून धावत आला. "मामा! लाईट गेली काय?"

"न्हाई. म्या पाडली."

"काय झालं? सतरा परत?"

धोंडिराम त्याच्या समोर जाऊन उभा राहिला, तोंड नीट दिसेल असा. "शेठ, गेल्या दोन वर्सांत ज्या मागावर म्या हात ठिवून चालू म्हनलोय, त्यो हरएक माग दुसऱ्या जॉबरला दावा. त्याबिगर खटका वर करू नगा. मला ऐकू येत न्हाई."

कुणीतरी हसलं. कपिलच असावा. "मामा, तुमी तर हातानं ऐकताय की!"

"हातानं येवडं येत न्हाई गड्या. तू म्हनलास तेच खरं हुतं. कचकचत हुतं."

"आवं मामा, कशाला जिवाला लावून घेताय?" जयराजने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गेला धोटा भिंतीला. डोक्याच्या वरनं गेला आसंल. कुनाला काय झालं न्हाई."

"कुनी मोजलं?"



धोंडिरामने सदऱ्याच्या खिशातून टेप काढला. तीस वर्षं तो त्याच खिशात होता. पत्र्याचा, कडेला आकडे झिजलेला. त्याने तो आम्रपालीच्या हातात दिला. "तू मोज. तुजा आकडा हलत न्हाई."

मनुबाईच्या स्टुलामागच्या भिंतीच्या गिलाव्यात धोट्याच्या टोपीने पाडलेला खड्डा होता. आम्रपालीने टेपचं टोक जमिनीला टेकवलं, पायाने दाबून धरलं, आणि खड्ड्याच्या मध्यापर्यंत ताणलं. तीन फूट चार इंच. तिने ते मोठ्याने वाचलं, मग वडिलांकडे वळून परत एकदा, नुसतं ओठांनी.

"आता मनुबाई," धोंडिराम म्हणाला. "बस तुज्या जागंवर. रोजच्यावानी."

"माजं काय मोजताय रं मेल्यांनो, लगीन लावताय काय?" मनुबाई स्टुलावर बसली, कांड्यांची टोपली मांडीशी घेतली आणि सवयीने मान जराशी खाली घातली.

आम्रपालीने टेपचं टोक स्टुलाच्या पायाशी ठेवलं. मनुबाईच्या कानाच्या भोकापर्यंत तीन फूट चार इंच.