खिळ्यांच्या डब्यातला सहआरोपी

मित्रांनो, तुमच्या घरातला चिमटा भुवया कोरत आरशापुढे मानाने राहत असेल. मी पडलो लाकूडतोड्यांच्या घरचा जुना चिमटा. माझा जन्म गेला गोचिडी उपटण्यात.

पोलादातून घडलो तेव्हा माझी टोके सुईसारखी होती. दोघे भाऊ जंगलातून परतले की थोरल्यांची बायको त्यांना पायरीवर बसवी आणि कानामागे, काखेत, गुडघ्यामागे माझा दौरा निघे. कातडीलगत पकडायचे, न चिरडता सरळ ओढायचे. कौतुक व्हायचे ते वहिनींच्या हाताचे. चिमट्याचे नाव कोण घेतो?

थोरले छाती फुगवायचे, "माझं रक्त पिऊन गोचीडच आजारी पडते!"

एका उन्हाळ्यात धाकट्यांना ताप चढला, मान ताठली, बोलणे तुटले. गोचिडीच्या विषाणूने मेंदूला सूज आली होती. ते वाचले, पण उजवा हात थरथरतच राहिला. घराने निकाल दिला: धाकट्याने अंग नीट तपासले नाही. सहआरोपी म्हणून माझी रवानगी खिळ्यांच्या डब्यात. मला गंज चढला, धाकट्यांना गप्प बसायची सवय जडली.

पुढे धाकट्यांची लेक वनरक्षक झाली. लस घ्यायची म्हणाली, तर थोरले उसळले, "लस कशाला? मला बघ! एकाच घराण्याचं रक्त!"

तिने मला घासूनपुसून खिशात टाकले आणि काकांना डॉक्टरबाईंकडे नेऊन त्यांचे रक्त तपासून घेतले. निकाल ऐकायलाही आम्ही तिघेच.

"विषाणू तुमच्याही अंगात येऊन गेलाय, काका. तुम्हाला पत्ता लागला नाही, एवढंच," बाई म्हणाल्या. "काहींना जन्मतःच, आईबापांकडून, असं काही आलेलं असतं की तो मेंदूपर्यंत सहज पोचतो. शिवाय गोचीड चावताच तो आत शिरू शकतो. चिमटा किती चपळ असणार? भावाची चूक नाही."

मी सुटलो!

"पण आईबाप एकच आमचे!"

"शेतही एकच होतं, काका," लेक म्हणाली. "विहीर तुमच्याच वाट्याला आली ना? माझ्या वाट्याला काय आलंय, कुणास ठाऊक. मी लस घेणार."

काकांनी तिची बाही वर केली.

संध्याकाळी थोरले पायरीवर बसले आणि मला धाकट्यांपुढे धरले. "मानेवर काहीतरी चिकटलंय. काढ रे."

"दादा, माझा हात थरथरतो."

"थरथरू दे. मला कुठं घाई आहे?"

गोचिडीबरोबर थोडी कातडीही आली. थोरल्यांनी मान तशीच पुढे धरली.

मित्रांनो, जंगलातून आलात की अंग तपासा, मला पुसून कोरडा ठेवा. पण जन्माने मिळालेले मला उपटता येत नाही. म्हणून लस घ्या. आणि आजारी माणसाला दोष चिकटलेला दिसला, तर तोही काढा. अगदी कातडीलगत धरून.