तेविसावं नाव

आमच्या घरात कुणी हळू बोललं की बरं वाटत नाही का, असं विचारतात. माझे बापू महुव्याच्या बाजारात हातगाडीवर भाजी विकायचे आणि त्यांची मेथीची आरोळी तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जायची. तोच गळा माझ्या वाट्याला आला. मी बालमंदिरात शिक्षिका व्हायला निघाले तेव्हा काकी म्हणाली होती, "जा की कंचन, पण आधी पोरांच्या कानात कापूस घाल."

विजयाबेनना असले विनोद आवडत नसत. तीस वर्षं त्या बालमंदिर चालवत होत्या आणि दोन पावलांच्या पुढे त्यांचा आवाज गेलेला कुणी ऐकला नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "मूल लांब असलं तर आपण चालत जायचं. हाक मारायची नाही. तुझा आवाज खाली बसेल त्या दिवशी तू शिक्षिका झालीस असं समज."

वर्षभर मी त्यांना घाबरून होते. ताट ठेवताना आवाज झाला तरी मी आधी दाराकडे बघायचे. माझी थोरली बहीण कांद्याच्या कारखान्यात कांदे सोलायची, तिच्या बोटांचा वास लग्नातसुद्धा गेला नव्हता. नापास झाले तर तिच्या शेजारची जागा माझी, हे घरात ठरलेलंच होतं.

परीक्षेच्या शेवटच्या पाठासाठी मी शांततेचा खेळ निवडला. निवडला कसला, विजयाबेननी माझ्या गळ्यात घातला. "ज्याची भीती तेच कर," म्हणाल्या. खेळ सोपा दिसतो. खोलीत अंधार करायचा, मुलांनी डोळे मिटून बसायचं. बेननी, म्हणजे शिक्षिकेने, दाराबाहेरून एकेकाचं नाव कुजबुजायचं. ज्याचं नाव येईल त्याने चवड्यांवर चालत, आवाज न करता बाहेर यायचं; आवाज केला तो बाद. जो सगळ्यात जास्त वेळ थांबू शकतो, त्याचं नाव शेवटी.

पण आमचं बालमंदिर कांद्याच्या रस्त्यावर. ट्रकवाले ओरडतात, हमाल ओरडतात, मुलं दचकून उठायची. म्हणून मी एक युक्ती काढली. मुलांना म्हटलं, "मोठ्याने मारलेली हाक खेळातली नाही. मी मारली तरी नाही. कुजबुजलेलं नाव तेवढंच खरं." आणि सरावासाठी जीवीमाला अंगणात उभं केलं. जीवीमा आमची तेडागर, म्हणजे सकाळी घरोघर फिरून मुलं आणणारी आणि दुपारी पोचवणारी. ती मुद्दाम गळा काढायची, "ए केयूर, चल, तुझी आई आली रे!" आधी सगळी उठायची. पंधरा दिवसांत एकही उठेनासं झालं. केयूर तर पापणीही हलवायचा नाही. साडेचार वर्षांचा, लाकडी खेळणी करणाऱ्या खराद्याचा मुलगा. मी त्याची सगळ्यांदेखत पाठ थोपटली. मला माझ्या युक्तीचा भारी अभिमान होता.

परीक्षेच्या दिवशी भावनगरहून परीक्षक धोळकियासाहेब आले. आवाज नगाऱ्यासारखा. खुर्ची मागवली, पाणी मागवलं. पडदे ओढताना माझ्या हातून कडी दोनदा निसटली. मी मुलांना म्हटलं, "ज्याला जिथे सगळ्यात शांत बसता येईल, तिथे बसा." आणि साहेबांच्या खुर्चीसाठी जागा करायला वळले. कोण कुठे बसलं, पाहिलंच नाही.

मग दाराबाहेर बसून मी नावं कुजबुजू लागले. माझ्या गळ्यातून तो आवाज कसा निघत होता कोण जाणे. एकेक मूल मांजरीच्या पावलांनी येत होतं. साहेब दारातच खुर्ची टाकून बसले होते आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक मुलाकडे मान डोलवत होते. बावीस मुलं बाहेर आली आणि ते टाळी वाजवून उठले. "वा बेन! भावनगरातसुद्धा असं पाहिलं नाही!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुलं टाळ्या वाजवू लागली. विजयाबेन चक्क हसल्या. मी हातातला नावांचा कागद घडी करून पोलक्यात खोचला आणि साहेबांना फाटकापर्यंत सोडायला धावले.

मुलांनी ओसरीवर गूळ-तुपाची सुखडी खाल्ली. मग जीवीमाने आपली दोरी काढली. तिच्या दोरीला तेवीस गाठी, प्रत्येक मुलाने आपली गाठ धरायची, तशी ती मुलांना रस्त्याने न्यायची. शेवटची गाठ लोंबत राहिली.

"कंचन, एक कमी आहे."

"नीट मोज, जीवीमा. तुला कुठे मोजता येतं!"

"मला मोजता येत नाही, गाठ धरता येते," ती म्हणाली. "तेवीस आणली, तेवीस नेणार. बावीस मी नेत नाही. खराद्याचा केयूर कुठाय?"

मी फाटकाकडे पाहिलं. साहेबांच्या रिक्षासाठी उघडलेलं फाटक तसंच सताड उघडं होतं. पलीकडून कांद्याचा ट्रक धुरळा उडवत गेला.

आधी मी न्हाणीघर पाहिलं, मग पाण्याची टाकी. टाकीचं झाकण उचलताना माझ्या तोंडातून "हे माताजी" एवढंच निघत होतं. आत पाणी काळंभोर आणि स्थिर. मी कोपरापर्यंत हात घातला, मग काठीने तळ ढवळला. काही लागलं नाही. काही लागलं असतं तर, हा विचार मला आजही पुरा करवत नाही.

जीवीमाने खोलीत डोकं घालून हाक मारली, "केयूर! ए केयूर!" आत अंधार, उत्तर नाही. ती रस्त्याकडे पळाली. मी अंगणातून बापूंच्या गळ्याने ओरडले. वर्षभर दाबून ठेवलेला आवाज सगळाच्या सगळा बाहेर आला. चहावाला धावत आला, हमाल धावत आले. विजयाबेनसुद्धा हाका मारत होत्या. त्यांचा आवाज फाटका, पातळ, सवय नसलेला. तो ऐकून मला जास्तच भीती वाटली. अर्धा तास झाला. कुणी म्हणालं नदीकडे पाहा, कुणी म्हणालं मघाशी एक अनोळखी बाई फिरत होती.

आणि तेवढ्यात मंजुलाबेन आल्या, केयूरची आई. त्यांना माहेरी जायचं होतं म्हणून त्या स्वतःच न्यायला आल्या होत्या. हातात मुलाचा नवा सदरा.

"काय झालं? एवढी माणसं का जमली?"

"बेन, केयूर सापडत नाही," मीच म्हणाले.

त्या सदरा छातीशी धरून ओरडत सुटल्या, "केयूर! अरे, आई आली रे! केयूर!"

ती हाक ऐकली आणि माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं. ही हाक मी आधी ऐकली होती. जीवीमाच्या तोंडून, पंधरा दिवस, माझ्याच सांगण्यावरून.

मी ओसरीकडे पाहिलं. मुलांनी चपला काढून भिंतीशी ओळीने लावायच्या, टोकं भिंतीकडे, अशी आमची शिस्त. मुलं जायला निघाली होती, ओळ रिकामी होती. फक्त एका टोकाला लहानशा निळ्या सपाता, टोकं भिंतीकडे. चपला घातल्याशिवाय आमचं मूल ओसरी उतरत नाही.

पोलक्यातला कागद काढला. घामाने भिजला होता. बावीस नावांपुढे खूण. तेविसाव्या नावापुढे काहीच नाही. जो सगळ्यात जास्त थांबू शकतो, त्याचं नाव मी शेवटी लिहिलं होतं. आणि साहेबांनी टाळी वाजवल्यावर मी ते घेतलंच नव्हतं.

"गप्प बसा!" मी ओरडले. "सगळे गप्प बसा! मंजुलाबेन, हात जोडते, एक मिनिट हाक मारू नका."

"माझं पोर गेलंय आणि तू मला गप्प बसवतेस?"

विजयाबेननी त्यांचा खांदा धरला. मी दारात गुडघे टेकले. छातीचे ठोके मलाच इतके मोठे ऐकू येत होते की कुजबुज त्यात बुडेल असं वाटलं. आणि कुजबुजूनही तो आला नाही तर? मग खरंच रस्ता, खरंच नदी. मला नाव घेण्याचीच भीती वाटली. पहिल्यांदा नुसती हवा निघाली.

दुसऱ्यांदा निघालं. "केयूर."

काहीच नाही. मागे कुणीतरी हुंदका दाबला.

मग कोपऱ्यात गुंडाळून उभ्या केलेल्या सतरंज्या जराशा हलल्या. त्यांच्या आणि भिंतीच्या मधून एक हात आला, मग डोकं. तो चवड्यांवर, हात पसरून तोल सांभाळत, अगदी शिकवलं होतं तसा आला. डोळे अर्धवट मिटलेले. चड्डी ओली, पायांवरून ओघळ आलेले. तेवढ्या वेळात तो लघवीलाही उठला नव्हता. बाहेर आख्खं गाव त्याचं नाव घेत होतं, त्याची आई रडत होती, आणि तो ओठ दाबून माझी वाट पाहत होता.

पुढे प्रमाणपत्र आलं, पहिल्या वर्गाचं. मी विजयाबेनना म्हटलं, हे परत पाठवा. त्या म्हणाल्या, "ते त्या साहेबांनी पाहिलेल्या पाठाचं आहे, राहू दे कपाटात. उद्यापासून जीवीमाबरोबर मुलं आणायला जा. शेवटची गाठ तू धरायची." एकतीस वर्षं झाली, मी रोज ती धरते. ती युक्ती मात्र त्या दिवशीच बंद केली. आता पहिल्या दिवशी मुलांना सांगते, आईची हाक आली की खेळ संपला.

पण त्या दुपारी हे काही सुचत नव्हतं. मी त्याला ओढून कुशीत घेतलं आणि बापूंच्या गळ्याने भोकाड पसरलं.

केयूरने घाबरून माझ्या तोंडावर आपला छोटा तळवा ठेवला आणि कानाशी लागून म्हणाला, "हळू ना बेन. नाहीतर तुम्ही बाद व्हाल."