सगळ्यांचे श्वास वीस

ताप ९८.६. नाडी ८०. श्वास २०.

कॉलेजच्या वाचनालयात पहिल्याच आठवड्यात एका पोरीनं तिला विचारलं, "काकू, मुलीला न्यायला आलात का?" ती म्हणाली, "नाही गं, पुस्तक न्यायला."

अर्जातला रकाना: शिक्षणात खंड पडला असल्यास कारण. तिनं लिहिलं, नोकरी. जागा उरली होती म्हणून पुढे लिहिलं, बावीस वर्षं.

तिच्या प्रबंधाच्या गाईडला इंजेक्शन द्यायला तिनंच शिकवलं होतं. चौदा वर्षांपूर्वी, एका संत्र्यावर.

नवरा शिलाई मशीनची दुरुस्ती करतो. संशोधन म्हणजे नक्की काय, असं त्यानं एकदा विचारलं होतं. तिनं बराच वेळ समजावून सांगितलं. ऐकून घेऊन तो म्हणाला, म्हणजे आधी उघडून बघायचं.

आता जरा नीट सांगायला हवं.

ही सगळी एकाच बाईची गोष्ट. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज, वय सेहेचाळीस. वॉर्डात लहानथोर सगळे तिला मोठी सिस्टर म्हणायचे. सकाळी कॉलेज आणि दुपारी एकपासून वॉर्ड, असं तिचं एमएस्सी नर्सिंगचं शेवटचं वर्ष चाललं होतं. सासूबाईंच्या आजारपणात वाढीव मुदतही वापरून झाली होती. चार महिन्यांत प्रबंध दिला नाही तर नाव कापलं जाणार होतं, आणि एकदा कापलेलं नाव या वयात पुन्हा कोण लिहून घेणार?

विषय सरळ होता: ऑपरेशननंतरच्या वेदना. याआधी निदान चौघींनी केलेला, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्यासाठी तिनं वॉर्डातले तीनशे बारा जुने तक्ते परवानगीनं घरी आणले होते, रुग्णांची नावं काळ्या पट्टीनं झाकून. आकडे कॉम्प्युटरवर चढवायचं काम मुलीकडे. मुलगी संख्याशास्त्र शिकायची आणि आईच्या अक्षराला नावं ठेवायची.

रविवारी सकाळी मुलगी आपली टाइप करत बसली होती. मध्येच थांबली, परत मागे गेली, परत पुढे आली. तिला वाटलं आपल्याच हातून चूक झाली, एकच आकडा खालपर्यंत ओढला गेला. कागद पुन्हा तपासले. चूक नव्हती.

"आई, तुमच्या वॉर्डात सगळे एकाच ठेक्यात श्वास घेतात का?"

मोठी सिस्टर हसली. अगं, ते तसंच असतं, म्हणाली.

"तसंच म्हणजे? मोजत नाही का तुम्ही?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण मुलीला देण्यासारखं नव्हतं. ताप थर्मामीटर सांगतो. रक्तदाब यंत्र सांगतं. नाडीसुद्धा हल्ली बोटाला चिमटा लावला की समोर दिसते. श्वास तेवढे स्वतः उभं राहून मोजावे लागतात, छाती वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट. आणि वॉर्डात चाळीस खाटा, पाळीला दोन सिस्टर, एका हातात सलाईन, दुसऱ्या हाताला कुणाचा तरी नातेवाईक लटकलेला. मग पेन आपलं आपणच लिहितं: वीस. वीस आकडा कसा सज्जन दिसतो. अठरा लिहिलं तर फार काटेकोर वाटतं, चोवीस लिहिलं तर डॉक्टरांना बोलवावं लागतं.

तिनं हातातली भाजी तशीच ठेवली आणि जमिनीवर बसून तक्ते वेगळे करायला लागली. इन्चार्ज असली तरी माणसं कमी पडली की तक्ता तीही हातात घ्यायची. स्वतःची सही तिला लांबूनही ओळखू यायची, शेपटीला गाठ मारल्यासारखी. त्रेपन्न पानं निघाली. मुलीनं टक्के काढले आणि ते मोठ्यानं सांगायला ती कचरली. शंभरातले शहाण्णव वीस. सगळ्या वॉर्डात हा आकडा सर्वांत वरचा होता.

त्या त्रेपन्नात बारा नंबरच्या खाटेचं पान होतं. एक सुतार, पोटाचं ऑपरेशन झालेला. दुपारी दोनला तिनं लिहिलं होतं, श्वास वीस. चार वाजता दुसऱ्या सिस्टरला त्याच्या नाकपुड्या फुललेल्या दिसल्या. तिनं मोजले तेव्हा चौतीस भरले. त्याला अतिदक्षता विभागात हलवलं, आणि एकोणीस दिवसांनी तो आपल्या पायांनी घरी गेला. जाताना त्यानं आभार मानले ते मोठ्या सिस्टरचे. तिनं ते घेतलेही होते.

दोन तासांपूर्वी त्याचे श्वास खरोखर किती होते, हे आता जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं.

*

सोमवारी तिनं गाईडला सांगितलं की विषय बदलायचा आहे: न मोजता लिहिलेले श्वास. गाईड मॅडम तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. कॉलेजात ती त्यांना मॅडम म्हणायची, त्या तिला ताई म्हणायच्या, आणि घाईच्या वेळी तिच्या तोंडून "अगं पोरी" निघायचं. मॅडमनी डोक्याला हात लावला. ताई, चार महिने उरलेत, वेदनांवर सगळं तयार आहे, कशाला हातचं सोडता, असं बरंच बोलून झाल्यावर त्यांनी ते आकडे पाहिले. मग म्हणाल्या, मेट्रनची नवी परवानगी आणा. तीही आठ दिवसांत, नाहीतर जुनाच विषय.

त्याआधी वॉर्डाला सांगणं भाग होतं. वॉर्डात एक सिस्टर होती, तिला सगळे तोफ म्हणायचे. सुताराचे श्वास मोजणारी हीच. तोफेनं ऐकून घेतलं आणि हातातला ट्रे असा ठेवला की तीन खाटांवरची माणसं उठून बसली.

"वा. तू शिकायला गेलीस आणि आम्ही चोर ठरलो."

मोठ्या सिस्टरनं तिच्यासमोर ती त्रेपन्न पानं ठेवली. प्रबंधात कुणाचं नाव येणार नाही, नंबर येतील, आणि नर्स क्रमांक एक मी असेन, असं तिनं सांगितलं. तोफेनं पानं उलटली. बारा नंबरच्या खाटेपाशी तिचा अंगठा थांबला. मग तिनं पुढचं पान उलटलं, आणि शेवटी म्हणाली, "शहाण्णव? मी स्वतःला आळशी समजत होते गं."

वॉर्ड तयार झाला तो असा.

*

मेट्रन निवृत्तीला सात महिने उरलेल्या. गणवेशाबरोबर स्वतःलाही इस्त्री करून घेतल्यासारख्या ताठ. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, रजेच्या अर्जांचा गठ्ठा आणि त्यावर काचेचा पेपरवेट. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. नर्स क्रमांक एक म्हणजे अर्जदार स्वतः, हे त्यात लिहिलेलं होतं. विषय वाईट आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. उलट, हे कुणीतरी करायलाच हवं होतं, म्हणाल्या. पेनाचं टोपणसुद्धा काढलं.

"फक्त तुझी पानं काढून घे. तू इन्चार्ज. तुझ्यावर बोट आलं की वॉर्डावर आलं, वॉर्डावर आलं की माझ्यावर. बाकीच्यांची राहू देत. आत्ता सही करते."

सही आत्ता झाली असती. नंबर एक ती आहे हे वॉर्डात तोफेशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्रेपन्न पानं कमी झाल्यानं निष्कर्षाला धक्काही लागत नव्हता, मुलीनं तेही काढून दाखवलं होतं. बावीस वर्षांनी हाताशी आलेली पदवी त्या उघड्या पेनापासून वीतभर अंतरावर होती.

मोठी सिस्टर म्हणाली, "मग मी ते दुसऱ्यांवर ढकलल्यासारखं होईल, मॅडम."

मेट्रननी टोपण परत लावलं. मग मोठ्या सिस्टरनं खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, जरा हात द्या, नाडी बघते.

"मला शिकवतेस? मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि श्वास मोजायचे. ही युक्ती तुमच्या बॅचला मीच शिकवली."

"मग द्या ना."

त्यांनी हात दिला. मोठ्या सिस्टरनं छातीवर पिननं लावलेलं घड्याळ उलटं करून समोर धरलं. दहा सेकंद गेली. बाहेर स्ट्रेचरचं चाक कुरकुरत गेलं. वीस सेकंद. मेट्रननी नजर अर्जांच्या गठ्ठ्याकडे वळवली.

"मॅडम, श्वास घ्या."

"घेतेय."

"नाही घेत."

मेट्रनना हसू आलं, आणि ते मोजायचं की नाही हा प्रश्न होता म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. या खेपेला पस्तिसाव्या सेकंदाला टेबलावरचा फोन वाजला. मेट्रनचा दुसरा हात सवयीनं तिकडे गेला. मोठ्या सिस्टरनं नुसती मान हलवली. हात तिथंच थांबला. फोन वाजत राहिला, दारात एक शिपाई डोकावून गेला, रजा मागायला आलेली एक सिस्टर आत पाऊल टाकून, समोरचा प्रकार पाहून उलट्या पावली परत फिरली. फोन थकून बंद पडला तरी मिनिट संपलं नव्हतं.

"सोळा," मोठी सिस्टर म्हणाली. "तुम्ही काय लिहिलं असतं?"

मेट्रननी मनगट चोळलं. "आमच्या वेळी बावीस लिहायचो. वीस तुमच्या बॅचपासून आलं."

एवढं बोलून त्यांनी अर्ज ओढून घेतला. सही करण्याआधी समासात स्वतःच्या हातानं एक ओळ घातली: खाटा चाळीस, पाळीला परिचारिका दोन, हेही प्रबंधात नमूद करावे. मग म्हणाल्या, "एक मिनिट फार लांब असतं गं. हे मी विसरले होते. तुझी पानं राहू देत."

*

पुढचे सहा आठवडे वॉर्डात प्रत्येक श्वास मोजला गेला. सांगायला सोपं. प्रत्यक्षात सगळ्यांच्या नाकीनऊ आले. मेट्रननी दुपारपुरती एक जास्तीची सिस्टर दिली, तरी औषधं उशिरा, चहा त्याहून उशिरा. एका आजोबांनी तक्रार केली की ही तोफ आपल्याकडे टक लावून बघत बसते. तोफ म्हणाली, आजोबा, तुमच्या जागी मी असते तर लाजले असते, तक्रार केली नसती. मोठी सिस्टर सकाळी कॉलेजात आकडेवारीचा तास करायची, दुपारी वॉर्डात छाती बघत उभी राहायची, आणि बसमध्ये समोरच्या प्रवाशाचे श्वास मोजायची. एका प्रवाशानं जागा बदलली.

त्या सहा आठवड्यांत तक्त्यांवर अकरा, तेरा, सतरा, एकोणतीस असे आकडे उमटले. रांगेनं बघितलं तर ती माणसं वाटायची. एरवी वीस या आकड्याखाली झाकली गेली असती अशी अकरा बिघडलेली माणसं वेळेआधी सापडली.

*

तोंडी परीक्षा. लांब टेबल, पलीकडे गाईड मॅडम आणि बाहेरून आलेले परीक्षक. परीक्षक हळू बोलणारे, पानांच्या कडांना चिठ्ठ्या लावून आलेले. एक एक चिठ्ठी काढत ते प्रश्न विचारत होते आणि तिची उत्तरं येत होती. शेवटची चिठ्ठी निघाली.

"ही नर्स क्रमांक एक. हिच्या नोंदी सगळ्यात वाईट आहेत. तुम्ही वॉर्डाच्या प्रमुख. या बाईंशी बोललात का?"

"रोज बोलते."

"सुधारणा?"

"आहे. पण घाई झाली की अजून हात वीसकडेच जातो."

"हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"ती मीच आहे, सर."

गाईड मॅडमना हे ठाऊक होतं, तरी त्यांनी खाली टेबलाकडे पाहिलं. परीक्षकांनी ते पान परत उघडलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं, सावकाश, बारा नंबरच्या खाटेसकट. तिथं त्यांनी बोट ठेवलं. तो रुग्ण कसा आहे, असं विचारलं. तिनं सांगितलं, घरी गेला, आणि जाताना आभार मानून गेला. त्यांनी ती शेवटची चिठ्ठी दुमडून खिशात ठेवली, गुणांचा कागद पुढे ओढला, आणि प्रबंध एकही दुरुस्ती न सुचवता मान्य झाला.

ती या वॉर्डात रुजू झाली त्या वर्षी वॉर्डाच्या भिंतीवर घड्याळ नव्हतं. आता बारा नंबरच्या खाटेसमोर आहे, सेकंदकाट्याचं.