गळलेली पिवळी पानं

नीरफणसाचं पान गळून पडलं की कुंपणापलीकडची टँटी, म्हणजे मावशी, युडोरा ते लगेच उचलते, हे आयोनीनं टिपून ठेवलं होतं. तोडलेलं पान चालत नाही. पिवळं होऊन आपणहून गळलेलंच हवं. ते उकळून प्यायलं की प्रेशर उतरतं, असं ग्रेनाडात सगळेच सांगतात.

आयोनीचा त्या पानांवर विश्वास नव्हता, टँटीवर तर मुळीच नव्हता. सात आठवड्यांपूर्वी दवाखान्यात आईचं, फिलोमेनचं, प्रेशर एकशे नव्वद निघालं. काढ्याच्या नादानं आई गोळ्या टाकून देत होती. "आता रोज घेईन," आई म्हणाली. पण हे ती आधीही म्हणायची. आयोनीनं वाद घातला नाही. औषधाच्या दुकानातून तीच गोळी आणून ती रोज सकाळी कुटून आईच्या कोकोत मिसळू लागली.

प्रेशर उतरलं. मग उतरतच गेलं. आई भिंत धरून चालू लागली. आज सकाळी ती पायरीवरून पडली. कपाळाला चार टाके. नर्सनं मोजलं तेव्हा वरचा आकडा पंच्याण्णव होता.

आईला घरी निजवून आयोनी तडक कुंपणाशी गेली.

"टँटी, आईला काय पाजतेस?"

"गप्पा पाजते. तुझ्या घरी मिळत नाहीत ना."

"पुन्हा पडली तर उठायची नाही ती. ही पानं कुणासाठी?"

"माझ्यासाठी. प्रेशर काय तुमच्याच घरात असतं?" टँटीनं पानं ओच्यात टाकली. "फिलोनं काढा कधीच सोडला. तुझी बोलणी नकोत म्हणून. सकाळी कोकोचा मग घेऊन कुंपणाशी येते, माझ्यासमोर गोळी गिळते आणि जीभ काढून दाखवते, पोरीसारखी."

"खोटं."

"मग जा, मोज. शिकलेली आहेस."

घरात येऊन आयोनीनं आईच्या गोळ्या असलेला बिस्किटांचा डबा खाली काढला. दवाखान्याच्या पाकिटावर तारीख होती, साठ गोळ्या लिहिल्या होत्या. त्या दिवसापासून आज एकोणपन्नासावा दिवस. डब्यात अकरा उरल्या होत्या. तिनं पुन्हा मोजल्या. अकराच.

"काय शोधतेस गं?" आई खाटेवरून म्हणाली. "आजची घेतली मी. कोकोबरोबरच."

टेबलावर सकाळचा मग तसाच होता. रोज आईच्या नजरेस पडायच्या आधी आयोनी तो विसळून ठेवायची. आज धावपळीत राहिला होता. तळाशी पांढरा साका होता.

ती मग घेऊन आईच्या उशाशी बसली.

"आई, दवाखान्यात परत जायचंय," ती म्हणाली. "नर्सला एक गोष्ट सांगायची राहिली. आधी तुला सांगते."