खिडकीजवळचा सूक्ष्मदर्शक आणि स्वप्ना

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. हैदराबादेत विद्यानगरच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा. माझ्यात दिवा नाही. खाली एक गोल आरसा आहे, तो उजेडाकडे वळवावा लागतो.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. इथे आलो तेव्हा माझे फार लाड झाले. कांद्याचा पापुद्रा बघायला मुलं माझ्यापुढे रांग लावत. मग दिवेवाले नवे सूक्ष्मदर्शक आले. माझ्यावर प्लास्टिकची टोपी चढली, ती कुणी काढेना. पावसाळाभर मला एकच धास्ती असे, भिंगाला बुरशी तर लागणार नाही ना!

टोपी काढली ती वर्गात नव्याने आलेल्या स्वप्नाने. तिला ऑटिझम आहे. नव्या दिव्यांची बारीक गुणगुण इतरांना ऐकूही येत नसे, तिला मात्र ती सहन होत नसे, म्हणून ती माझ्यापाशी बसे. “स्वप्नाला म्युझियमच होना,” माझ्याकडे बोट दाखवून मैत्रिणी चिडवत. तिचं लक्ष नसे. बाकीच्या मुली पुस्तकात बघून आकृती काढत. ही जे दिसेल तेच काढी, काचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडासुद्धा. तो नको, असं शिकवणाऱ्या रेणू मॅडम म्हणाल्या, तर ही म्हणाली, “पण तो आहे.”

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली, तशी तिची आई रंजनाबाई सिकंदराबादहून मॅडमना भेटायला आल्या. शाळेत असताना स्वप्ना गोंगाटाला घाबरून बाकाखाली जाऊन बसे, ते त्या विसरल्या नव्हत्या. पर्सचा पट्टा त्यांच्या मुठीत घट्ट होता.

“मॅडम, हिला परक्या माणसापुढं बोलणं जमत नाही. तोंडी परीक्षा नक्को. नुसती पास होऊ द्या.”

स्वप्ना माझा आरसा फिरवत होती. मान वर न करता ती म्हणाली, “मम्मी, माझं मला विचार.”

दोघींनी तिच्याकडे वळून पाहिलं.

“दोन प्रश्न एकदम आले की मला एकही कळत नाही. एकेक विचारला की येतो. डोळ्यांत बघून बोलता येत नाही मला. पण काचेवर काय आहे ते ओळखता येतं. मी कच्ची नाही, मम्मी.”

“आणि घाबरलीस तर?”

“घाबरेन. कान झाकीन. मग उत्तर देईन.”

परीक्षेच्या दिवशी रेणू मॅडमनी बाहेरून आलेल्या परीक्षकांना सगळं सांगून ठेवलं होतं. तरी सवयीने परीक्षकांनी तीन प्रश्न एका दमात विचारले. स्वप्नाने कान झाकले. दाराशी उभ्या रंजनाबाईंनी एक पाऊल आत टाकलं, आणि चौकट धरून तिथेच थांबल्या. सोपं नव्हतं ते. मॅडमनी परीक्षकांना एक बोट दाखवलं. त्यांनी पुन्हा विचारलं, हळू, एकच प्रश्न: काचेवर काय आहे?

हात खाली आले. डोळा माझ्या नळीला टेकला. “मक्याचं खोड आहे. पाणी वाहणाऱ्या नळ्यांचे पुंजके सगळीकडे विखुरलेत, म्हणून.”

परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळले. दारात रंजनाबाई पदराने डोळे टिपत होत्या.

मित्रांनो, माझी भिंगं मऊ कापडाने पुसत जा, म्हणजे मी अजून पुष्कळ वर्षं कामी येईन. आणि एखाद्या मुलीला काय जमतं ते जाणून घ्यायचं असेल, तर तिच्यादेखत दुसऱ्या कुणाला विचारू नका. तिलाच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.