ब्रिक्सची धूळ

मी एक जुनं यंत्र आहे, मित्रांनो, आणि आता अगदी शिणून गेलो आहे. थुरिंगिया प्रांतातल्या टेकडीवरच्या एका वेधशाळेत माझा जन्म गेला. आकाशाच्या एकाच भागाचे फोटो असलेल्या दोन काचा माझ्यात ठेवायच्या आणि भिंगातून पाहायचं. मी एकदा ही काच दाखवी, एकदा ती. टक्-टक्, टक्-टक्. बाकीचे तारे जागच्या जागी गप्प असत. ज्याचं तेज कमीजास्त होई, तो एकटा लुकलुकायचा. बस्स, जन्मभर एवढंच! सुरुवातीला पाहुणे कौतुक करायचे. पुढे तेही आटलं.

लिंडनरबाईंची पाठ माझ्यावर वाकून वाकून पार वाकली. निवृत्तीच्या वर्षी त्यांना स्वतःचा असा एक तारा सापडला. ताऱ्याला तिथे कुणी आपलं नाव देत नसे. आधी कच्चा क्रमांक. मग अशा ताऱ्यांची यादी ठेवणारी मॉस्कोची मंडळी खात्री करून पक्कं नाव ठरवायची. शोधणाऱ्याचा उल्लेख बारीक अक्षरांत यायचा. बाईंना तेवढंच हवं होतं, पण फार हवं होतं.

शेजारच्या टेबलावर ओटमार ब्रिक्स बसायचे. तरुणपणी त्यांनी जाहीर केलेला तारा पुन्हा कुणाला दिसलाच नव्हता. काचेवरच्या धुळीलाच तारा समजले असतील, असं म्हणत 'ब्रिक्सची धूळ' म्हणून सगळे हसायचे.

"काय बाई, तारा सापडल्याचा केक कधी?" ब्रिक्सनी विचारलं.

"थांबा हो. आधी आसपासचे हरवलेले तारे तपासते. त्यात तुमची धूळही आहे."

"हसा, हसा! सवय झालीय मला."

आकाशाच्या नकाशावरच्या रेघा वर्षानुवर्षे सरकतात, म्हणून ताऱ्याच्या जागेबरोबर नकाशाचं वर्षही लिहावं लागतं. ब्रिक्सनी नव्या नकाशाचं वर्ष लिहिलं होतं. पण जागा जुन्यावरून घेतली असेल तर? बाईंनी हिशेब करून पाहिला. मग ब्रिक्सची जुनी काच आणि आपली नवी काच माझ्यात ठेवली. टक्-टक्. बाईंचाच तारा लुकलुकला. तेव्हा मला बंद पडावंसं वाटलं.

बाईंनी दोन्ही काचा पुन्हा एकदा तपासल्या. मग म्हणाल्या, "ब्रिक्स, इकडे या. तुमची धूळ सापडली."

ब्रिक्सनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो, हा तर तुमचा तारा! गप्प बसा ना. इतकी वर्षं हसू झालंय माझं, आणखी थोडं होईल."

"आणि एका ताऱ्याला दोन नावं पडली म्हणजे? उद्या कुणीतरी बिचारं दुसरा तारा शोधत डोळे फोडून घेईल. आजच कळवते मी."

आपला क्रमांक त्यांनी स्वतःच्या हाताने रद्द केला. केक ब्रिक्सनीच आणला, खसखशीचा. बाईंनी तो खाल्ला आणि मग त्या रडल्या.

आता मी एका संग्रहालयाच्या तळघरात पडून आहे. माझ्या पुढच्या पट्टीवर एक नाव आहे आणि मागच्या चिठ्ठीवर दुसरंच. परवा दोघं जण मोजदाद करायला आले. "अरे, यादीत दोन नावं आहेत, म्हणजे इथं तर दोन यंत्रं हवीत! दुसरं कुठं गेलं?" दिवसभर तळघर उपसत होते बिचारे. मी त्यांच्या समोरच होतो.

मित्रांनो, कशालाही नाव चिकटवण्याआधी त्याची मागची बाजू एकदा बघत जा रे. लिंडनरबाई बघायच्या.